डोळे उघडून दिलेला फोटो

ती घटना आजही आठवते, अशी सुरुवात करायची आम्हा निवृत्त पोलिसांची पद्धत आहे. मला तसं लिहिता येत नाही. आठवायला आधी विसरावं लागतं. मी मुदतीच्या चार वर्षं आधी नोकरी सोडली. निरोपाच्या दिवशी वरिष्ठांनी कारण विचारलं तेव्हा गुडघेदुखी सांगितली. गुडघे ठणठणीत आहेत, अजूनही तळजाईची टेकडी चढून येतो. खरं कारण इथं लिहितो आहे. कुणाचंही नाव घेणार नाही, कारण यातल्या बाकी कुणाचाच दोष नाही.

मी तेव्हा आळंदी रस्त्याच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो, गुन्हे विभागाचा. लोकांना खून-दरोड्याच्या तपासाचं कुतूहल असतं. ठाण्यात सगळ्यांना नकोसं असतं ते वेगळंच काम, अनोळखी मयताचं. नदीत, पुलाखाली, रस्त्याच्या कडेला माणूस मरून पडलेला सापडतो आणि खिशात काहीच नसतं. नोंद होते, पंचनामा होतो, देह सरकारी शवागारात जातो, फोटो शोधपत्रिकेवर छापून सगळ्या ठाण्यांना पाठवला जातो. काही दिवस वाट पाहायची आणि कुणी आलं नाही तर अंत्यविधी पोलिसांनीच करायचा. हरवलेल्यांचे नातेवाईक येतात, आम्ही त्यांच्यापुढे फोटोंची फाइल ठेवतो आणि ते पानं उलटतात. फोटो शवागारात, ट्यूबलाइटच्या उजेडात काढलेले. पाण्यातून काढलेला चेहरा कसा दिसतो ते मी इथं लिहीत नाही.

एकदा एक बाई आली. तिची मुलगी हरवली होती. सगळी फाइल पाहून झाल्यावर ती म्हणाली, ‘यात माझी नाही. पण या सगळ्यांच्या आया आल्याच नाहीत का अजून?’ आणि तिथंच खाली बसली. तिला उठवायला आमच्या दोघी जणी लागल्या. मी केबिनमध्ये गेलो आणि दार लावून घेतलं. हे रोज पाहणं मला जमत नव्हतं. तेव्हा माझी समजूत अशी होती, की मला त्या लोकांची दया येते आहे.

ठाण्यापासून पाच मिनिटांवर एक फोटो स्टुडिओ होता. चालवणारे गृहस्थ साठीचे, मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातच राहिलेल्या घरातले. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. हे स्वतः तरुणपणी निगेटिव्हवर शिसपेन्सिलीनं चेहऱ्याचे डाग झाकायचे. संगणक आल्यावर तेही शिकले. सगळा रस्ता त्यांना चाचा म्हणायचा, मीही म्हणायचो. पंचनाम्याचे फोटो काढायला आम्ही त्यांनाच बोलवत असू. बाकी धंदा वाढदिवसाच्या फ्लेक्सचा, लग्नाच्या बायोडेटाचा आणि श्रद्धांजलीच्या फोटोंचा.

श्रद्धांजलीच्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. घरच्यांकडे गेलेल्या माणसाचा धड फोटो नसतो. मोबाइलवर काढलेला असतो, त्यात डोळे मिटलेले असतात. चाचा ‘डोळे उघडून’ द्यायचे. हा त्यांच्या धंद्यातला शब्द. वर्षानुवर्षं काढलेल्या फोटोंतून उचललेल्या डोळ्यांचं एक वेगळं फोल्डरच त्यांनी संगणकात करून ठेवलं होतं. वयाप्रमाणे लावलेलं. एकदा मला ते दाखवत म्हणाले, ‘यात एका माजी नगरसेवकाचेही डोळे आहेत साहेब. पण ते कुणाला लावत नाही. गेलेला माणूस उगाच लबाड दिसतो.’

डोळे लावले, शर्टाला कॉलर दिली, मागे निळा पडदा टाकला, की शेवटी ते तैलचित्राचा इफेक्ट द्यायचे. एक बटण दाबलं की सगळा फोटो कुणी ब्रशनं रंगवल्यासारखा दिसायला लागतो. जोड, डाग, सूज, सगळं रंगाच्या फटकाऱ्यांत मिसळून जातं. हार घातला की झालं.

मी त्यांना म्हटलं, हेच आमच्या मयतांना करून द्या. ते लगेच तयार झाले नाहीत. म्हणाले, ‘श्रद्धांजलीला माणूस कोण आहे ते ठाऊक असतं साहेब. घरचे शेजारी बसून सांगतात, नाक असं करा, हसू तसं करा. इथं मी कुणाला विचारू?’ मी म्हटलं, बघवेल असं करा, एवढंच. हे त्यांचं म्हणणं मी तेव्हा उडवून लावलं, ते मुद्दाम नोंदवतो.

पहिल्याच महिन्यात एका म्हाताऱ्या गृहस्थांची ओळख पटली. त्यांच्या सुनेनं फोटो बघून हात जोडले आणि म्हणाली, ‘बाबा अगदी झोपेतून उठल्यासारखे दिसतायत.’ मग आणखी दोन ओळखी पटल्या. वरिष्ठांनी बैठकीत माझ्या कल्पनेचा उल्लेख केला, प्रशस्तिपत्र मिळालं, एका वर्तमानपत्रात ‘खाकीतली माणुसकी’ अशा मथळ्याखाली चौकट आली. ते कात्रण आईनं देवघराशेजारी लावलं. दुसऱ्या ठाण्यांतून चाचांकडे फोटो यायला लागले. मला हे सगळं आवडत होतं.

अशात एका सकाळी नदीवरच्या पुलाजवळ चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलाचा देह सापडला. वाहनाची धडक बसलेली, वाहन पळून गेलेलं. मोबाइल, पाकीट काही नाही. पडलेल्या माणसाचे खिसे कुणीतरी आधीच साफ केले होते. अंगात चौकड्यांचा शर्ट. चेहऱ्याची उजवी बाजू राहिली नव्हती. डावी बरी होती, त्या बाजूचा डोळा अर्धवट मिटलेला. अज्ञात वाहनचालकावर गुन्हा दाखल झाला. फोटो चाचांकडे गेले.

त्यांनी दोन दिवस खपून काम केलं. चांगली राहिलेली डावी बाजू उलटी करून उजवीकडे जोडली. फोल्डरमधले तरुण मुलाचे डोळे लावले. गालावर देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे होते, ते गुळगुळीत केले. केस नव्यानं काढून भांग पाडला. वर तैलचित्राचा इफेक्ट. समोर आला तो एखाद्या बँकेत नुकताच लागलेला, चांगल्या घरचा मुलगा. मी हसून म्हटलं, ‘चाचा, याला आता नोकरी लागेल.’ हे वाक्य मी उच्चारलेलं आहे. ते गाळून ही हकिगत लिहिली असती तर ती खोटी झाली असती.

पाचव्या दिवशी त्या मुलाचा बाप माझ्यासमोर येऊन बसला.

अर्थात तो बाप आहे हे तेव्हा मला माहीत नव्हतं. यवतमाळकडचा माणूस, तालुक्याच्या गावी केशकर्तनाचं दुकान. मुलगा हिंजवडीत एका कंपनीच्या इमारतीत एसी दुरुस्तीच्या कामाला होता आणि पाच-सहा दिवस बेपत्ता होता. हरवल्याची तक्रार तिकडच्या ठाण्यात दिली होती. तिकडचं आयुक्तालय वेगळं. तिथल्या कुणीतरी सांगितलं, की शहरातल्या ठाण्यांमध्ये जाऊन अनोळखी मयतांचे फोटो बघून घ्या. आमचं ठाणं त्याचं सहावं की सातवं होतं. सोबत मुलाचा फोटो आणला होता, तोही लग्नाच्या स्थळांसाठी गावातल्या स्टुडिओत काढलेला. गोरा, गुळगुळीत, डोळे अगदी सारखे.

मी त्याला चहा मागवला, आमचा रंगवलेला फोटो पुढे ठेवला. त्यानं तो दोन्ही हातांत घेतला, खिडकीकडे तोंड करून उजेडात धरला. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, ‘नाई साहेब. डोये नाई त्याचे. अन् भांगही उलटा हाय. माह्या पोराचा भांग डावीकून पडते. जल्मापासून मीच कापतो ना त्याचे केस.’

फोटो टेबलावर ठेवून त्यानं कपाळाला हात लावला आणि पहिल्यांदा चहाचा कप उचलला. ‘हा कोन्या मोठ्या घरचा दिसते,’ तो म्हणाला. ‘याच्या मायबापाले देव बय देवो.’

आमच्या मुद्देमालाचं काम पाहणाऱ्या महिला हवालदार दारात उभ्या होत्या. मयताचे कपडे त्यांच्या ताब्यात असतात. त्या म्हणाल्या, ‘सर, यांना कपडे दाखवू का? लगेच काढते.’ नियम तसाच आहे. फोटोवर थांबायचं नसतं. कपडे दाखवायचे, शंका असो नसो, शवागारात नेऊन देह दाखवायचा. मला ते ठाऊक होतं. मी म्हटलं, ‘अहो, बाप नाही म्हणतोय. त्यातून केस कापणारा माणूस, डोकं ओळखायला चुकेल का? कशाला त्यांना त्या खोलीत नेता?’

त्या आपल्या टेबलाकडे परत गेल्या. देह त्या क्षणी तिथून अर्ध्या तासावर, शवागारात होता.

आणखी तीन दिवसांनी मुदत संपली. आमच्या दोन अंमलदारांनी विद्युतदाहिनीत अंत्यविधी उरकला. नोंदीत शब्द लिहिला, बेवारस. अस्थी कुणी मागितल्या नाहीत, म्हणून ठेवल्या गेल्या नाहीत. कपडे मुद्देमालाच्या खोलीत राहिले आणि डॉक्टरांनी काढून ठेवलेला नमुना प्रयोगशाळेत.

बाप मात्र माझ्याकडे येत राहिला. चहा दिला होता, खुर्ची दिली होती, म्हणून त्याला मी भला माणूस वाटलो होतो. दोन-अडीच महिन्यांनी दुकान बंद ठेवून तो यायचा, हिंजवडीत मुलाच्याच खोलीवर, त्याच्या जोडीदाराकडे उतरायचा. जोडीदार त्यांच्याच तालुक्यातला, त्याच इमारतीत सुरक्षारक्षक. दिवसभर बाप ठाणी, रुग्णालयं, वेड्यांची रुग्णालयं, आश्रम फिरायचा. मग माझ्याकडे येऊन सांगायचा आज कुठं कुठं गेलो. एकदा म्हणाला, की मुलाच्या आईनं घरात कुलूप लावणं सोडलंय, तो आला आणि कुलूप पाहून परत गेला तर, म्हणून. मी म्हणायचो, तपास चालू आहे. तिकडच्या ठाण्याला फोन करायचो. माझ्या टेबलाच्या मागच्या कपाटात त्या मयताची फाइल होती.

असं जवळजवळ वर्ष गेलं. मग आम्हाला खबर मिळाली.

विश्रांतवाडी चौकाकडे मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेला एक जण आम्हाला अधूनमधून माहिती द्यायचा. त्यानं सांगितलं, की जुने फोन घेणाऱ्या एका माणसाकडे एक फोन आलाय आणि त्यात अजून पहिल्या मालकाचे फोटो आहेत. फोन आणून पाहिला, हँडसेटचा नंबर तपासला. बेपत्ता मुलाच्या तक्रारीला घरी सापडलेलं फोनचं जुनं बिल जोडलं होतं, त्यावरचा तोच नंबर. विकणारा कोण याचा माग काढला तर तो खोलीचा जोडीदार निघाला.

आम्हा पोलिसांच्या डोक्यात गोष्ट फार लवकर तयार होते. एका खोलीत दोघं, एक बेपत्ता, त्याचा फोन दुसऱ्यानं विकला. तिकडच्या ठाण्याशी बोलून मी त्या मुलाला चौकशीला बोलावलं.

मी त्याला हात लावला नाही. पूर्वी हे मी अभिमानानं सांगायचो, म्हणून इथं जरा सविस्तर सांगतो, की हात न लावता काय करता येतं. सकाळी दहाला बोलवायचं, संध्याकाळी सातला सोडायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा दहाला. खुर्ची द्यायची नाही. एकच प्रश्न तीन जणांनी तीन वेळा विचारायचा. कंपनीत फोन करून चौकशी करायची, म्हणजे तिथं सगळ्यांना कळतं. दुसऱ्या दिवशी कंपनीनं त्याला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं.

तो एकच सांगत होता. बेपत्ता मुलानं नवा फोन घेतला तेव्हा जुना याला दिला. काच फुटल्यावर यानं तो विकला. ज्या दिवशी तो मुलगा बेपत्ता झाला त्या दिवशी तो विमानतळावरच्या नोकरीच्या मुलाखतीला म्हणून इकडे आला होता. ‘हे मी तिकडच्या ठाण्यात पहिल्याच दिवशी सांगितलंय साहेब,’ तो म्हणाला. खरंच सांगितलं होतं. कागदात नोंद होती. विमानतळाचा रस्ता माझ्या हद्दीतून जातो हे माझ्या डोक्यात आलं नाही, कारण त्या आठवड्यातला आमचा मयत ‘मोठ्या घरचा’ होता, आणि त्याला बापानं नाकारलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो मुलगा भिंतीला टेकला आणि शांतपणे म्हणाला, ‘मी मारलं असं लिहून घ्या. फक्त काकांना सांगू नका. ते आज माझ्याच खोलीवर आहेत. सकाळी निघताना त्यांनी माझी दाढी केली.’

आयुष्यात कितीतरी कबुल्या ऐकल्या. ही ऐकल्यावर काहीतरी करायचं म्हणून त्याच्या सध्याच्या मोबाइलमधले फोटो पाहायला घेतले. त्यात दोघांचे शेकडो फोटो होते. सिंहगडावर, कंपनीच्या गच्चीवर, खोलीत स्टोव्हपाशी. त्यांना कुणी रंगवलेलं नव्हतं. एका फोटोत बेपत्ता मुलगा कणसात दात रुतवून हसत होता. गालावर बारीक खड्डे. डाव्या डोळ्याची पापणी अर्धी खाली आलेली.

मी विचारलं, याच्या डोळ्याला काय झालं होतं.

‘काही नाही साहेब, जन्मापासून तसाच आहे. आम्ही चिडवायचो, अर्धं शटर म्हणून.’

फोटोत त्याच्या अंगात चौकड्यांचा शर्ट होता.

मी त्याला खुर्चीवर बसायला सांगितलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘तीन दिवसांनी खुर्ची दिली साहेब, म्हणजे काहीतरी वाईटच असणार.’

चाचांच्या स्टुडिओपर्यंत मी चालत गेलो. मूळ फोटो काढा म्हटलं. पुलाजवळचा मयत. त्यांनी शोधून काढला आणि पडद्यावर मोठा केला. मी मोबाइल शेजारी धरला. डावा डोळा अर्धवट मिटलेला. आम्हा सगळ्यांना, पंचनामा करणाऱ्यांना, डॉक्टरांना, मला, चाचांना, वाटलं होतं की मरणानं तो तसा झाला. त्या चेहऱ्यावर त्याचं स्वतःचं म्हणावं असं जे काही होतं, नेमकं तेच आम्ही दुरुस्त केलं होतं.

चाचांनी चष्मा काढला. म्हणाले, ‘बायोडेटाच्या फोटोत मी खोटं करतो साहेब, रोज करतो. पण तिथं पुढची माणसं प्रत्यक्ष बघायला येतात, खरं काय ते कळतं. इथं कोण बघायला येणार होतं?’

मी म्हटलं, चूक माझी आहे. त्यांनी ते खोडलं नाही, मान्यही केलं नाही. त्या दिवसानंतर त्यांनी कुणाचे डोळे उघडून दिले नाहीत.

बापाला सांगण्याचं काम मी दुसऱ्या कुणावर टाकलं नाही. एवढं एकच मी नीट केलं. त्याला केबिनमध्ये बसवलं, जोडीदाराला शेजारी बसवलं आणि सगळं सांगितलं. फोटो कसा केला, का केला, त्या दिवशी देह कुठं होता, तीन दिवसांनी काय केलं. हवालदारबाईंनी कपडे आणले. त्यानं शर्ट उलटा करून कॉलरच्या आतला भाग पाहिला, घडी घातली आणि मांडीवर ठेवला. नंतर रीतसर रक्त घेतलं, प्रयोगशाळेतला नमुना जुळल्याचा अहवालही आला, पण त्याची गरज त्या खोलीत कुणालाच उरली नव्हती.

मग त्यानं मूळ फोटो मागितला.

मी म्हटलं, नका पाहू. अपघात आहे, तुम्हाला सहन होणार नाही. घरी त्याचे चांगले फोटो आहेत, ते ठेवा डोळ्यांसमोर.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. कदाचित राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. ‘साहेब,’ तो म्हणाला, ‘मले काय पाहू द्याचं ते तुमी एकदा ठरवलं. आता मी ठरवतो.’

मी फाइल उघडली. त्यानं फोटो बराच वेळ पाहिला. जोडीदार तोंड फिरवून रडत होता. बापानं अंगठ्यानं त्या कागदावरचे केस कपाळावरून बाजूला केल्यासारखं केलं. ‘हाच हाय,’ एवढंच म्हणाला.

अस्थींचं विचारलं. मी नाही म्हणून सांगितलं. मग कोणत्या दाहिनीत, कोणत्या तारखेला, तिथं कोण हजर होतं, हे विचारलं. आमच्या दोघा अंमलदारांची नावं एका चिठ्ठीवर लिहून घेतली. म्हणाला, तेवढे तरी होते म्हणून त्याच्या मायले सांगतो.

उठताना दारात थांबला. ‘साहेब, अशे फोटो आनखी किती जनाले दाखवले?’

उत्तरासाठी तो थांबला नाही.

जोडीदाराच्या कंपनीला मी पत्र दिलं, की त्याच्यावर कसलाही संशय नाही. त्यांनी त्याला परत घेतलं नाही. तो गावी गेला असं कळलं. धडक देणारं वाहन कधीच सापडलं नाही. वरिष्ठांना मी लेखी कळवलं, की रंगवलेले फोटो दाखवणं बंद करावं आणि जुनी प्रकरणं पुन्हा तपासावीत. फोटो बंद झाले. जुन्या प्रकरणांबद्दल तोंडी सांगण्यात आलं, की आता उकरून काय साधणार. प्रशस्तिपत्र कुणी परत मागितलं नाही.

मी एकट्यानं नोंदवह्या काढून बसलो. ज्यांनी ज्यांनी रंगवलेला फोटो पाहून ‘हा आमचा नाही’ असं सांगितलं होतं, त्या सगळ्यांच्या नोंदी शोधल्या. आमच्या हिशेबी ‘नाही’ हे उत्तर म्हणजे प्रकरण मिटलं, त्यामुळे पुष्कळांचे पत्तेही धड लिहिलेले नव्हते. बहुतेकांचं वय, उंची काहीच जुळत नव्हतं, म्हणजे त्यांचं ‘नाही’ खरंच असावं. एक नोंद मात्र पुढे सरकू देईना. नदीत सापडलेला पस्तिशीचा पुरुष, उंची जुळते, अंगावर खाकी पँट. आणि त्याच आठवड्यात फोटो पाहून गेलेली धायरीची एक बाई, नवरा खासगी बसचा ड्रायव्हर, बेपत्ता. ते चाचांचं सुरुवातीचं काम होतं. तेव्हा ते मूळ फोटोवरच काम करून तोच जतन करत, मूळ राहत नसे. कपडे मुदतीनंतर कोर्टाच्या परवानगीनं नष्ट झाले होते. नमुना तपासायला गेलो तर खराब झाल्याचा शेरा. म्हणजे तो तोच होता की नव्हता, हे आता जगात कुणालाही सांगता येणार नाही.

ती बाई मला चांगली आठवत होती. फोटो पाहून ‘हे नव्हेत’ म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी ठाण्यात पेढे घेऊन आली होती. मीही एक खाल्ला होता.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं आता शेवटी लिहायचं असतं. नव्या अधिकाऱ्यांना मी इतकंच सांगेन, की नातेवाइकांना काय सोसेल हे तुम्ही ठरवू नका. दुःख सोसायला ते आलेले असतात, खरं बघण्याचा हक्क घेऊन आलेले असतात. मी त्यांना वाचवत नव्हतो. त्यांचा चेहरा उतरताना पाहण्यापासून मी स्वतःला वाचवत होतो आणि त्याला माणुसकी म्हणत होतो. हे लिहिल्यानं काही हलकं वाटेल अशी आशा होती. वाटत नाही.

नोकरी सोडल्यावर मी धायरीला गेलो. काय सांगायचं ते पाठ करून गेलो होतो. तुम्ही पाहिलेला फोटो खरा नव्हता, ते कदाचित तुमचे यजमान असतील, कदाचित नसतील, आणि आता कळायला मार्ग नाही. दार तिनंच उघडलं. कपाळावर कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. मी साध्या कपड्यांत होतो तरी तिनं लगेच ओळखलं. आत वळून म्हणाली, ‘अहो आई, ते पोलीस साहेब आलेत. हे आपले नाहीत म्हणून ज्यांनी सांगितलं होतं ना, ते.’

तसं मी सांगितलं नव्हतं, तिनं सांगितलं होतं. पण तिच्या मनात ते माझं वाक्य झालं होतं आणि त्यावर त्या दोघी इतकी वर्षं राहत होत्या. सासू भिंतीला धरून बाहेर आली आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

‘काही कळलं का साहेब?’ बाईनं विचारलं.

मी म्हटलं, नाही, सहज इकडे आलो होतो. तिनं चहा टाकला. मी तो पूर्ण प्यायलो.